चौदा नंबरची साखळी

कपाटाला चोवीस खण होते. प्रत्येक खणाच्या दारावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला, आत एक वायर आणि वायरच्या टोकाला कोणाचा तरी फोन. आवाज सगळ्यांचे बंद असत. थरथर मात्र चालू राही, कारण मुलांच्या फोनमधल्या सेटिंगना हात लावायचा नाही असा संस्थेचा नियम होता. त्यामुळे दिवसभर कधी या खणातून, कधी त्या खणातून घुरघुर येई. नवीन आलेला माणूस दचकायचा. मावशी मान वर न करता सांगायच्या, "काही नाही, झोपेत बडबडतंय."

संस्था चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत होती. बाहेरच्या खोलीत मावशींचं टेबल, कपाट आणि एक लँडलाइन. आतल्या खोलीत सतरंज्या, फळा आणि खिडकीपाशी ताईंची खुर्ची. ताई समुपदेशक होत्या. वयाने मावशींच्या मुलीएवढ्या, पण लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. सोळा ते बावीस वयाची मुलं इथे येत. कोणाची झोप उडालेली, कोणी कॉलेज सोडून घरात बसलेलं, कोणाला समोर फोन नसला तर घास गिळता येत नसे. त्यांनी एकवीस दिवस आपला फोन कपाटात ठेवायचा, बटणांचा साधा फोन वापरायचा आणि रोज चार ते सहा आतल्या खोलीत येऊन बसायचं, बोलायचं. कार्यक्रम एवढाच.

पहिल्या तुकडीत अठरा मुलं आली आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यातली अकरा पळाली. कारण विचित्र होतं. मुलं वापरत त्या ॲपमध्ये दोघांनी रोज एकमेकांना एक तरी फोटो पाठवला की दोघांच्या नावापुढे दिवसांचा आकडा चढत जाई. मुलं त्याला साखळी म्हणत. एकाचा एक दिवस चुकला की आकडा पुसला जाई. तीनशे, पाचशे दिवसांच्या साखळ्या होत्या, आणि त्या तुटतील या धास्तीने मुलं फोन परत मागत होती.

ताईंनी तोडगा काढला. साखळ्या संस्थेने सांभाळायच्या. मावशींनी रोज दुपारी एकेक फोन उघडायचा, समोरच्या भिंतीचा फोटो काढून साखळीतल्या सगळ्यांना पाठवायचा आणि फोन परत ठेवायचा. काही वाचायचं नाही, काही लिहायचं नाही.

संस्थेचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. ते हे ऐकून हसले. "म्हणजे दारू सोडायला आलेल्याच्या वतीने रोज एक पेग आपण मारायचा."

"मारायचा नाही, डॉक्टर. नुसता ग्लास भरून ठेवायचा," ताई म्हणाल्या.

"मावशी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय? एकतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर लोकांची पुस्तकं रिन्यू केली. आता भिंत रिन्यू करीन."

मुलं त्यांना कपाटमावशी म्हणत. मावशी मुलांना मनातल्या मनात खणाच्या आकड्याने ओळखत. सात नंबर उशिरा येतो, अकरा नंबर नखं खाते, पंधरा नंबर चौथ्याच दिवशी पळाला.

चौदा नंबर एकोणीस वर्षांची होती. बाकीची मुलं फोन देण्यापूर्वी त्यावरून एकदा अंगठा फिरवून घेत, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. हिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हात जीन्सला पुसला. तिने फॉर्म भरला. 'साखळी सांभाळावी: होय / नाही' या रकान्यात काहीच लिहिलं नाही. मावशींच्या ते लक्षात आलं तेव्हा ती जिना उतरून गेली होती. रिकामा रकाना मावशींना बघवत नसे. आजवर एकाही मुलाने 'नाही' लिहिलं नव्हतं, आणि वाचनालयातही शंका आली की मुदत वाचकाच्या बाजूने वाढवायची, अशी त्यांची रीत होती. त्यांनी पेन उचललं, 'होय'भोवती गोल केला.

चौदा नंबरच्या फोनमध्ये साखळी एकच निघाली. इतरांच्या आठ-आठ, दहा-दहा असत. हिच्या यादीत एकच नाव, तेही नाव नव्हे, एका पिवळ्या पक्ष्याचं चित्र. पुढे आकडा, ४०२. मावशींनी भिंतीचा फोटो काढून पक्ष्याला पाठवला. फोन खणात ठेवेपर्यंत तो हातात थरथरला. उत्तर आलं होतं.

या ॲपची एक खोड होती. आलेला फोटो उघडून मिटवल्याशिवाय पुढचा पाठवता येत नसे. त्यामुळे मावशींना मुलांचे फोटो दिसतच. अर्धं कपाळ, पंख्याचं पातं, बुटाची नाडी, बसची खिडकी. पोरं पाठवताना बघतही नसत, मावशीही मिटवताना बघत नसत. हा मात्र नीट काढलेला फोटो होता. एक पलंग, चादर ताणून घातलेली, एकही सुरकुती नाही. पलंगाशेजारी खुर्ची, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली सॅक, सॅकची चेन बोटभर उघडी. भिंतीवर कॅलेंडर.

दुसऱ्या दिवशी तोच पलंग आला. तिसऱ्या दिवशीही. असेल एखादी नीटनेटकी पोर, मावशींना वाटलं. सहाव्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून फोटो जवळ धरला. सॅकची चेन तेवढीच उघडी होती. चादर तशीच. कॅलेंडरवरचा महिना आठ महिन्यांपूर्वीचा होता.

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी स्वतःला समजावलं की कॅलेंडरचं पान उलटायचं राहून जातं माणसाचं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडून वर्ष झालं होतं.

पण मावशींचा जन्म तारखांत गेला होता. आठव्या दिवसापासून त्या फोटो पाठवल्याची आणि आल्याची वेळ कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायला लागल्या. त्यांनी तीन सातला पाठवला की तीन आठला पलंग येई. एकदा लँडलाइनवर एका बापाशी बोलण्यात उशीर झाला, त्यांनी पावणेचारला पाठवला. तीन शेहेचाळीसला पलंग आला. दहाव्या दिवशी त्यांनी मुद्दाम येताक्षणी, सकाळी अकरा वाजता पाठवला. अकरा वाजून एक मिनिटाने पलंग आला. सकाळच्या उन्हाची तिरीप चादरीवर पडलेली, बाकी सगळं जसंच्या तसं.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अशी कशी बसून राहील? कॉलेज नाही, आंघोळ नाही, बाजार नाही? कोणीतरी त्या खोलीच्या दारात फोन हातात धरून उभं होतं, नेहमी त्याच जागी, आणि इकडून भिंत येण्याची वाट बघत होतं. मावशींना एकदम आपल्या समोरच्या भिंतीकडे बघवेना. खाली चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र चालू झालं तशी भिंत बारीक कापायला लागली. रोजच कापायची. त्या दिवशी त्यांनी उठून पंखा मोठा केला, आवाजात आवाज मिसळावा म्हणून.

आतल्या खोलीत मात्र चौदा नंबर सुधारत होती. पहिल्या आठवड्यात ती गुडघ्यांना मिठी मारून बसायची. आता सात नंबरची नक्कल करून सगळ्यांना हसवत होती. बाराव्या दिवशी मावशी पाण्याचा जग ठेवायला आत गेल्या, तेव्हा ती अकरा नंबरला सांगत होती, "काल मी सलग सात तास झोपले. शपथ. आई दोनदा बघून गेली, जिवंत आहे का म्हणून."

"गोळी घेतलीस?"

"छे. तुटली ना एकदाची. सुटले."

मावशींनी जग ठेवला. काय तुटलं ते त्यांनी विचारलं नाही. आतल्या खोलीतलं बाहेर विचारायचं नाही, हाही नियमच होता. पण जिना उतरताना त्यांचा पाय एका पायरीवर उगाचच थांबला.

तेराव्या दिवशी, दुपारी तीनला, चौदा नंबरच्या खणातली वायर अडकली. मावशींनी फोन उजव्या हातात धरून डाव्या हाताने वायर सोडवली आणि तसाच घाईत फोटो काढला. पाठवल्यावर दिसलं की भिंतीच्या मधोमध त्यांचा डावा हात आला होता. फुगलेल्या शिरा, संधिवाताने वाकलेलं मधलं बोट, सैल कातडी. फोटो परत घेता येत नव्हता.

एक मिनिट गेलं. उत्तर आलं नाही. दोन गेली. मावशी उभ्याच होत्या. कपाटात नऊ नंबर घुरघुरला, मग वीस नंबर. चौथ्या मिनिटाला हातातला फोन थरथरला.

तोच पलंग, तीच चादर. चादरीवर एक हात ठेवलेला होता, पालथा, बोटं किंचित फाकलेली, अगदी मावशींचा आला होता तसा. शिरा वर आलेल्या. नखं बारीक कापलेली. मनगटाजवळ वयाचे दोन तपकिरी डाग.

मावशी खुर्चीत बसल्या. आकडा ४१५ झाला होता. साखळी दोन मुलींची होती आणि दोन्ही टोकांना मुलगी नव्हती.

ताई आतल्या खोलीत फळा पुसत होत्या. मावशींनी फोन त्यांच्यासमोर धरला. ताईंनी फोटो बघितला, मग मावशींच्या हाताकडे बघितलं, आणि फळा अर्धवट टाकून थेट फायलींच्या खणाकडे गेल्या.

"मावशी, हिची साखळी चालू कशी? हिने होय म्हटलं होतं?"

"रकाना रिकामा होता. मी भरला."

ताईंनी फॉर्म काढला. 'होय'भोवतीचा गोल मावशींच्या पेनाच्या हिरव्या शाईत होता, बाकी फॉर्म निळ्या. ताईंनी फॉर्म परत फायलीत ठेवला.

"मला तिचं आतलं तुम्हाला सांगता येत नाही."

"नका सांगू. माझी चूक किती मोठी आहे, तेवढंच सांगा."

"ती इथे फोन ठेवायला आली नव्हती," ताई म्हणाल्या. "साखळी तुटावी म्हणून आली होती. स्वतः तोडवत नव्हती म्हणून."

"मग आजपासून बंद करते."

"करा." ताई थांबल्या. "की नको? तिला वाटतंय बारा दिवसांपूर्वीच तुटली. आठ दिवसांनी ती फोन उघडेल आणि..."

"एकदा तिला न विचारता चालू ठेवली," मावशी म्हणाल्या. "आता न विचारता बंद करू? विचारू या."

"ती परत झोपायची नाही, मावशी."

"नाही झोपली तर तो दोष माझा. तो मी तोंडाने कबूल करते. पण कपाटात लपवून नाही ठेवायची."

चौदा नंबर त्या दिवशी लवकर, सव्वातीनलाच आली. मावशींनी तिला बाहेरच्याच खोलीत बसवलं, ताई शेजारी बसल्या. मावशींनी आडवळण घेतलं नाही. रकाना, हिरवी शाई, रोजची भिंत, सगळं चार वाक्यांत सांगितलं. पोरीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"म्हणजे काकू अजून पाठवतायत?"

"रोज."

"पलंग?"

"पलंग."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मग बोलायला लागली ती कोणाकडे न बघता, कपाटाकडे तोंड करून. पिवळा पक्षी ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. आठ महिन्यांपूर्वी गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी नाही. "त्या दिवशी मी साखळी विसरलेच होते. रात्री फोन बघितला तर फोटो आलेला. तिच्याकडून. तिच्या खोलीचा. मी किंचाळले. मग कळलं, काकूंनी पाठवलाय. मी पण पाठवला. काय करणार? एक दिवस, दोन दिवस. मला वाटलं महिनाभर पाठवतील."

"बोललीस कधी त्यांच्याशी?" ताईंनी विचारलं.

"काय बोलू? 'काकू, तुम्ही तुमची मुलगी बंद करा' म्हणू?" ती हसल्यासारखी झाली. "एकदा परीक्षेमुळे राहिलं. आकड्याशेजारी वाळूचं घड्याळ यायला लागलं, तुटायच्या आधी येतं ते. दारावरची बेल वाजली. आईने दार उघडलं तर काकू. आत या म्हटलं तर येईनात. काही बोलेनात. नुसता तिचा फोन असा पुढे धरून उभ्या. मी आतून माझा आणला, त्यांच्यासमोर पाठवला. तेव्हा गेल्या."

खालचं यंत्र थांबलं होतं. खोली एकदम मोठी वाटली.

"मी नाही पाठवणार आता," ती म्हणाली. "पण मी तोडली असं त्यांना कळायला नको."

"तू नाही तोडलीस. तेरा दिवस मीच चालवतेय ती, तर शेवटही मीच करते," मावशी म्हणाल्या. त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि हिरव्या पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं. प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणून दाखवलं, पोरीने मान हलवल्यावरच कागदावर उतरवलं.

'तेरा दिवस हे फोटो मी पाठवते आहे. मी या संस्थेत काम करते. आजचा हात माझा. तुमच्या मुलीची मैत्रीण बरी आहे, तिला झोप लागते. तिने मला पाठवायला सांगितलं नव्हतं, माझ्या चुकीने हे चालू राहिलं. उद्यापासून फोटो येणार नाही. मी रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा इथे असते.'

खाली त्यांनी पत्ता आणि लँडलाइनचा नंबर घातला. शेवटी ताईंनी पेन मागून घेतलं आणि एक ओळ वाढवली: 'तुम्ही आलात तर आम्हाला आवडेल.'

कागद भिंतीला टेकवला, मावशींनी फोटो काढला, पाठवला. तिघी टेबलाभोवती बसून राहिल्या. एक मिनिट. पाच मिनिटं. अर्ध्या तासाने ताई म्हणाल्या, "मुलं येतील आता, आत जाऊ या." मावशींनी फोन खणात ठेवला आणि चौदा नंबर उठली. दारातून तिने एकदा मागे वळून बघितलं, जणू फोन खणाचं दार आतून ढकलेल.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी तेवीस फोनांतले बावीस उघडले आणि चौदा नंबरच्या दाराला हात लावला नाही. तीनला ते थरथरलं. पुन्हा थरथरलं. ॲपवर वाळूचं घड्याळ आलं असणार, मावशींनी न बघता ओळखलं. संध्याकाळपर्यंत ते मधूनमधून चालू होतं. नंतर थांबलं. चौदा नंबर त्या रात्री झोपली का, हे विचारायचं धाडस मावशींना झालं नाही, पण पंधराव्या दिवशी ती आली, केस धुतलेले होते, आणि तिने स्वतःहून सांगितलं, "तीन तास. पण झोपले."

सोळाव्या दिवशी दुपारी, तीनला पाच कमी असताना, जिन्यावर पावलं वाजली. मुलांची नव्हती. मुलं दोन-दोन पायऱ्या गाळतात. ही पावलं प्रत्येक पायरीवर पडत होती, आणि मध्ये एका ठिकाणी बराच वेळ थांबली.

दारात पन्नाशीची बाई उभी राहिली. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात पिवळ्या कव्हरचा फोन, पुढे धरलेला. मावशींनी या म्हटलं. ती आली नाही. तिची नजर टेबलावर काहीतरी शोधत होती.

मावशींनी डावा हात उचलून टेबलावर पालथा ठेवला.

"हाच," बाई म्हणाली. आत आली, खुर्चीत बसली. "मी तेव्हा घाबरले. म्हटलं, आठ महिन्यांत पोरीचा हात इतका म्हातारा कसा झाला."

मावशींना 'कुठल्या पोरीचा' असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

"इथे फोन ठेवून घेतात ना?"

"घेतो. सोळा ते बावीस वयाच्या मुलांचे."

"एकोणीस," बाई म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला, उताणा. पक्ष्याचं स्टिकर कडेने उखडलं होतं. "आकडा गेला. काल सकाळी बघितलं तर नुसतंच नाव. मी दिवसभर तिच्या खोलीत गेले नाही. जायचं कशाला, तेच सुचेना."

मावशींनी नवीन फॉर्म तिच्यासमोर सरकवला. स्वतः पेन धरलं नाही. बाईने सावकाश एकेक रकाना भरला. नावाशी थांबली, मग मुलीचं नाव घातलं. पालकाच्या जागी स्वतःचं. 'साखळी सांभाळावी' पाशी आल्यावर तिने मान वर केली.

"हे?"

"तुम्ही लिहाल तसं. नाही लिहिलंत तर मी काही लिहिणार नाही."

बाईने तो रकाना पुन्हा वाचला, पेन त्याच्यावर धरून ठेवलं, आणि तसाच सोडून खाली सही केली. मावशींनी फॉर्म घेतला आणि होता तसा फाइलला लावला.

पंधरा नंबरचा खण रिकामा होता. मावशींनी पिवळा फोन आत ठेवला, वायर जोडली, दार लावलं. बाई जायला उठली नाही. मावशींनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. आतून ताईंनी डोकावून बघितलं आणि मावशींनी हातानेच थांबा म्हटलं. खालचं यंत्र चालू झालं. भिंत बारीक कापायला लागली, पेल्यातलं पाणीही.

दोघी समोरासमोर बसून होत्या. बाईचे हात रिकामे, मांडीवर उताणे. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली आणि तिचा उजवा अंगठा हलला. एकदाच, हवेत, बटण दाबावं तसा. बाईचं तिकडे लक्ष नव्हतं. मावशींचं गेलं, कारण टेबलाच्या कडेवर टेकलेला त्यांचा अंगठाही त्याच क्षणी हलला होता.